कोल्ह्यांनाही रेबीजची लस द्या : वन, पशुसंवर्धन आणि आरोग्य खात्यांना खुले पत्र

प्रति,
वन, पशुसंवर्धन आणि सार्वजनिक आरोग्य या तिन्ही खात्यांचे जबाबदार अधिकारी,

स. न. वि. वि.

मी पारशिवनी तालुक्यातला कास्तकार. पशुधन पर्यवेक्षक म्हणून सारी नोकरी केली आणि निवृत्त होऊन गावी परतलो. गावातले लोक अजूनही मला डॉक्टर म्हणतात आणि ढोर आजारी पडलं की रात्री-बेरात्री दार वाजवतात. पेंचचं जंगल आमच्या वावरांना जवळजवळ खेटूनच आहे. हे पत्र टपालानं तुमच्याकडे येईलच. पण प्रश्न माझ्या एकट्या गावाचा नाही, म्हणून ते सगळ्यांसमोर ठेवतो आहे.

२८ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारनं रेबीज निर्मूलनाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत कुत्र्यांमार्फत पसरणारा रेबीज देशातून संपवायचा, असं त्यात ठरलं आहे. आराखड्याबद्दल माझी तक्रार नाही. कुत्र्याला धरून सुरुवात केली हे बरोबरच आहे, कारण आपल्याकडे माणसाला होणारा रेबीज बहुतेक वेळा कुत्र्याच्याच चाव्यातून होतो. पण त्याला काही वर्षं झाली, आणि नागपुरात या विषयावर जे काही बोललं जातं ते शहरातल्या मोकाट कुत्र्यांभोवतीच फिरतं. कुत्री पकडायची की नाही, नसबंदी करून परत सोडायची की निवाऱ्यात ठेवायची, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचा अर्थ काय. ते वाद महत्त्वाचे आहेत. पण जंगलाच्या कडेची गावं, त्या गावांतली कोणाच्या हाती न लागणारी कुत्री आणि रात्री त्याच उकिरड्यावर येणारे कोल्हे यांचा उल्लेख मी एकाही बैठकीच्या बातमीत वाचलेला नाही. हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही. त्यामागचं कारण माझ्या घरातलं आहे.

मागच्या हरभऱ्याच्या हंगामात माझा पुतण्या जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला गेला होता. रानडुकरांमुळे आमच्याकडे जागल कोणालाच चुकत नाही. पहाटेच्या सुमारास एक कोल्हा सरळ मचाणाखाली आला. धडधाकट कोल्हा माणसाची चाहूल लागली की धुऱ्याआड होतो. हा टॉर्चच्या उजेडाकडे चालत आला, खाली बांधलेल्या बैलाच्या तोंडावर झेपावला, आणि पुतण्या काठी घेऊन उतरला तर त्याच्या पोटरीला चिकटून राहिला. शेजारच्या वावरातला माणूस धावत आला तेव्हा कुठे पाय सुटला. लोकांनी कोल्ह्याला काठ्यांनी मारलं आणि उजाडायच्या आत पांदणीच्या कडेला पुरून टाकलं.

जवळच्या सरकारी दवाखान्यात पुतण्याला लसीचं पहिलं इंजेक्शन मिळालं. जखमेत आणि जखमेभोवती टोचायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिपिंडं, मात्र तिथे नव्हतं. वर सांगण्यात आलं की जनावरावर दहा दिवस लक्ष ठेवा. दहा दिवसांचा नियम कुत्र्या-मांजरासाठी आहे. कोल्हा, लांडगा, मुंगूस, रानमांजर यांना तो लागू होत नाही. वन्यप्राण्याचा चावा आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार थेट तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीत धरायचा असतो, म्हणजे जखम साबणाच्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची, लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही लगेच द्यायचं, वाट बघायची नाही. मला हे माहीत होतं, म्हणून आम्ही त्याच दिवशी नागपूर गाठलं. पोरगा आज ठणठणीत आहे. ज्याच्या घरात हे सांगणारं कोणी नाही, जीप करायला पैसे नाहीत, तो मजूर दहा दिवस घरी बसून राहील. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

बैलाकडे त्या अंधारात, त्या धावपळीत कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. महिना-सव्वा महिन्यानं त्यानं वैरण सोडली. तोंडाला लाळेच्या तारा, हंबरणं घोगरं आणि थांबत नसलेलं, मागचे पाय लडखडायला लागलेले. पाण्याच्या घमेल्यात तोंड घाली, पण घोट खाली उतरेना. घरच्यांना वाटलं घशात काहीतरी अडकलं. खेड्यात ही समजूत नेहमीची आहे; कच्चं संत्रं, आंब्याची कोय, दोरीचा तुकडा घशात अडकून ढोर असंच करतं. मी गोठ्यात पोहोचलो तेव्हा माझी वहिनी बाही कोपरापर्यंत सारून बैलाच्या जबड्यात हात घालायच्या बेतात होती. कापूस वेचून तिच्या बोटांना बोंडाच्या टोकांचे चिरे पडलेले होते. मी तिचा हात धरला. घरातल्या ज्या ज्या माणसाचा हात त्या लाळेला लागला होता, त्या सगळ्यांना लस घ्यावी लागली. बैल तिसऱ्या दिवशी गेला.

मी विनवण्या केल्या की नमुना घ्या. मेंदूचा नमुना काढायला कवटी फोडावीच लागते असं नाही. मानेच्या मागच्या मोठ्या छिद्रातून नळी घालून तो काढता येतो, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेता येतो. एका कार्यालयात सांगितलं की कोल्ह्याचं प्रकरण आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या कार्यालयात सांगितलं की बैलाचं प्रकरण आमच्याकडे येत नाही. मी कोणत्याही कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण तिथल्या एकट्या कर्मचाऱ्याचा यात दोष नाही. असं प्रकरण नेमकं कोणाचं, हे त्यालाही कोणी सांगितलेलं नाही. कोल्हा पुरला गेला, बैल पुरला गेला, आणि कागदोपत्री आमच्या गावात रेबीज झालेलाच नाही.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. जंगलाच्या कडेला रेबीज किती आहे हे आपण मोजतच नाही. माणसांच्या बाबतीतसुद्धा देशाचा आकडा नीट ठरलेला नाही. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजनं मरतात आणि त्यातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त भारतातली, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजात वर्षानुवर्षं छापून येतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अलीकडच्या पाहणीतून वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा अंदाज निघाला. दोन अंदाजांत एवढी तफावत माणसांच्या बाबतीत असेल, तर कोल्ह्याची आणि बैलाची नोंद कोण ठेवणार? दूर जायला नको. २०२४ साली मुंबईत चेंबूरच्या बाजूला कोल्हे माणसांना चावले, तेव्हा तपासणी झाली आणि रेबीज निघाला. तपासलं म्हणून कळलं. आमच्याकडे कोणी तपासत नाही.

दुसरी तक्रार दवाखान्याची, ती वर आलीच आहे. तिसरी कुत्र्यांची. शहरात लसीकरणाची शिबिरं होतात, पाळीव कुत्र्यांना रांगेत उभं करून लस मिळते. आमच्या गावातली कुत्री कोणाच्या दारची नसतात आणि सगळ्या गावाची असतात. दोरीला सवयलेली नाहीत, हात लावू देत नाहीत. दिवसा गावात, रात्री वावरात, आणि वाघानं मारलेल्या जनावराचं काही उरलं असेल तर पहाटे जंगलात. तिथे त्यांची गाठ कोल्ह्याशी पडते, रानकुत्र्यांशी पडते. कुत्र्याकडून कोल्ह्याकडे आणि कोल्ह्याकडून ढोराकडे जाणारा हा रस्ता रोज रात्री उघडा असतो. कळपातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर साथ तुटते, हे जगभर मान्य झालेलं गणित आहे. गोव्यानं ते करून दाखवलं. घरोघर, गल्लोगल्ली कुत्र्यांना लस देत गेले, शाळांत मुलांना शिकवलं, संशयित जनावर तपासलं. २०१७ नंतर काही वर्षं तिथे माणसाचा एकही रेबीजमृत्यू नोंदला गेला नाही आणि २०२१ मध्ये गोव्यानं स्वतःला रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं. गोव्यात जमलं ते रामटेक-पारशिवनीच्या गावांत जमू नये असं काही नाही.

आणि चौथी, लोकांच्या हातातल्या काठीची. पिसाळलेल्या जनावराला मारावं लागतं, ते मी समजू शकतो. पण त्या घटनेनंतर आमच्या परिसरात दिसेल तो कोल्हा मारायचा असं बोलणं सुरू झालं, कुणी विषाचं मांस टाकायची भाषा केली. कोल्हा उंदीर खातो, मेलेलं ढोर साफ करतो, कास्तकाराचं नुकसान करण्यापेक्षा कामच जास्त करतो. शिवाय मारून रेबीज जात नाही. एका टोळीला मारलं की मोकळ्या झालेल्या जागेत दुसरीकडचे कोल्हे येतात, आपसात भांडतात, चावतात, आणि रोग आणखी पसरतो. युरोपानं हे पन्नासेक वर्षांपूर्वी अनुभवलं. खोकडांना, म्हणजे कोल्ह्याच्या लहान भाऊबंदांना, गोळ्या घातल्या, बिळांत विषारी वायू सोडला, तरी साथ दरवर्षी पुढे सरकत होती.

मग त्यांनी जे केलं, ते तुम्ही करावं म्हणून हे पत्र आहे.

जंगली जनावराला धरून सुई टोचता येत नाही. म्हणून लस त्याच्या खाण्यात घातली गेली. १९७८ च्या ऑक्टोबरात स्वित्झर्लंडमध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात कोंबडीची मुंडकी घेतली, कातडीखाली लसीची पुडी अडकवली, आणि ती मुंडकी खोकडांच्या वाटांवर पट्ट्यानं टाकली. जंगलात तोंडावाटे रेबीजची लस देण्याचा जगातला तो पहिला प्रयोग. साथ त्या पट्ट्यापाशी अडली. पुढे जर्मनीत आमिषं यंत्रावर बनू लागली, नंतर ती विमानातून आणि हेलिकॉप्टरमधून टाकली जाऊ लागली, वसंतात एकदा आणि शरदात एकदा. वटवाघळांमधला विषाणू वेगळा, तो सोडला तर फिनलंड १९९१ मध्ये, स्वित्झर्लंड १९९९ मध्ये, फ्रान्स २००१ मध्ये आणि जर्मनी २००८ मध्ये रेबीजमुक्त झाला. वीस-पंचवीस वर्षं चिकाटीनं केलेल्या कामाचं हे फळ आहे.

आमिष म्हणजे मासळीची भुकटी आणि चरबी यांचा काड्यापेटीएवढा ठोकळा. त्याच्या पोटात पातळ लसीची पुडी. जनावरानं दाढेखाली धरला की पुडी फुटते आणि लस तोंडाच्या आतल्या अस्तराला, घशातल्या टॉन्सिलना लागते. प्रतिकारशक्ती तिथूनच तयार होते. आख्खं गिळलं तर उपयोग नाही, पोटातल्या आम्लात लस मरते. म्हणून ठोकळ्याचा आकार, वास, कडकपणा त्या-त्या जनावराच्या खाण्याच्या पद्धतीप्रमाणे ठरवावा लागतो. काही आमिषांत टेट्रासायक्लिन नावाचं औषध खूण म्हणून घालतात. ते खाणाऱ्याच्या दातांत आणि हाडांत उतरतं आणि अतिनील प्रकाशाखाली पिवळं चमकतं. पुढे एखादा कोल्हा मेलेला सापडला तर त्यानं आमिष खाल्लं होतं की नाही, ते दातावरून सांगता येतं.

तुमच्यातले काही म्हणतील की खोकडांची गोष्ट आपल्या कोल्ह्याला कशी लागू होणार. दोन उदाहरणं देतो. अमेरिकेत टेक्सासमध्ये कुत्र्यांचा रेबीज कायोटींमध्ये, म्हणजे तिथल्या कोल्ह्यासारख्या जंगली जनावरांमध्ये, शिरला होता आणि दोघांमध्ये फिरत होता, जवळपास आपल्याकडच्या कुत्र्या-कोल्ह्यांसारखंच. १९९५ पासून तिथे विमानातून आमिषं टाकली, जोडीला कुत्र्यांचं लसीकरण सक्तीनं सुरू ठेवलं. तो प्रकार संपला, आणि २००७ मध्ये अमेरिकेनं कुत्र्यांमध्ये फिरणारा रेबीज देशातून गेल्याचं जाहीर केलं. दुसरं उदाहरण इस्राएलचं, आणि ते मला जास्त जवळचं वाटतं, कारण तिथला सोनेरी कोल्हा तोच आहे जो आमच्या हरभऱ्यात हिंडतो. १९९८ पासून तिथे खोकडं आणि कोल्हे दोघांसाठी आमिषं टाकतात. रेबीज खूप खाली आला. तरीही २०१७-१८ मध्ये उत्तरेकडच्या खोऱ्यांत कोल्ह्यांमध्ये साथ उसळली. जिथे शेतीचा आणि कोंबड्यांचा टाकाऊ माल उघड्यावर पडतो, तिथे कोल्ह्यांची संख्या वाढते, दाटी होते, आणि मग लसीचा बंदोबस्त कमी पडतो. आमच्या भागात पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून नाल्यात फेकतात. लस द्यायची आणि नाला तसाच ठेवायचा, असं केलं तर पैसा वाया जाईल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

ज्यांना वाघ-बिबट्यांचीच काळजी आहे त्यांनी इथिओपियाकडे पाहावं. तिथल्या डोंगरांत राहणारा लांडगा जगात दुसरीकडे कुठेही नाही, सगळे मिळून पाचशेच्या आतच उरले आहेत. गुराख्यांच्या कुत्र्यांकडून रेबीज आला आणि बाले पर्वतात कळपच्या कळप गेले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, मग २००३ मध्ये, पुन्हा २००८ मध्ये. शेवटी बकऱ्याच्या मांसात लस घालून ती लांडग्यांना देण्याची पद्धत तिथे तपासली गेली आणि २०१८ मध्ये मोहीम सुरू झाली. पेंचमध्ये रानकुत्र्यांच्या टोळ्या आहेत. ती जनावरं एकमेकांच्या तोंडाशी तोंड लावून खातात, पिल्लांना ओकून भरवतात. तिथे एका पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा किती आत जाईल, याचा विचार वनखात्यातल्या प्रत्येकानं करावा. गीरमध्ये २०१८ साली कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूच्या रोगानं सिंह मेले तेव्हा अमेरिकेतून लस मागवली गेली, सिंहांना टोचली गेली. म्हणजे तातडी वाटली तर आपल्या देशातही वन्यप्राण्यांना लस देता येते. आमचं म्हणणं एवढंच की जनावरं मरायची वाट न पाहता ही तातडी वाटावी.

आता नागपूरच का, ते सांगतो. राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय नागपुरात आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपुरात आहे. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथून थोड्याच अंतरावर गोरेवाड्याला वन्यजीव संशोधन आणि प्रशिक्षणाचं केंद्र आहे. मेडिकल आणि मेयो ही दोन मोठी सरकारी रुग्णालयं शहरात आहेत. पेंच आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही दोन्ही जंगलं इथून दोन तासांच्या आत. व्याघ्रगणनेमुळे कॅमेरा ट्रॅप लावायचे कसे आणि वाचायचे कसे, हे आमच्या वनरक्षकांना आणि वनमजुरांना पाठ झालं आहे. देशात अशी जागा फार थोडी असेल जिथे रेबीजवर काम करणाऱ्या तिन्ही बाजू रिक्षानं एका सकाळी गाठता येतात. तरी या तिन्ही बाजूंनी मिळून जंगलकडेच्या रेबीजसाठी काही ठरवलं, असं आम्हाला गावात तरी कळलेलं नाही.

अडचणी मला ठाऊक आहेत, त्या लपवत नाही. तोंडावाटे द्यायची रेबीजची लस आपल्या देशात अजून नियमित वापरात नाही. ती जिवंत विषाणूची लस असते. लसीतल्या विषाणूच्या सुरुवातीच्या जुन्या वाणांमुळे युरोपात मोजक्या जनावरांना लसीमुळेच रेबीज झाल्याचं दिसलं होतं. म्हणून नंतर जास्त सुरक्षित वाण बनवले गेले, त्यातले काही जनुकीय बदल करून. तसा वाण आणायचा तर त्यासाठी केंद्राच्या वेगळ्या समितीची परवानगी लागेल, औषध नियंत्रकांची लागेल, वन्यजीव कायद्याखालची लागेल. हे सगळं वेळ खातं, म्हणूनच अर्ज आज करायला हवा. आमिष माणसाच्या हाती लागू शकतं. मोहफुलांच्या दिवसांत पहाटेपासून बाया-पोरं जंगलात खाली वाकून वेचत असतात. तेव्हा आमिषं टाकून चालणार नाही, आणि टाकायच्या आधी गावोगाव दवंडी, शाळेत माहिती, आमिषावर मराठीत आणि गोंडीत सूचना, लस हाताला लागली तर कुठे जायचं त्याचा नंबर, हे सगळं ठरलेलं हवं. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या उन्हात चरबीचा ठोकळा वितळेल आणि लसही टिकणार नाही. म्हणून काम थंडीतलं आहे, नोव्हेंबर ते जानेवारी. उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं तोवर स्वतः हिंडून खायला लागलेली असतात, तीही सापडतात.

आणि आमच्याकडे आमिष खाणार कोण, हा सगळ्यात अवघड प्रश्न. कोल्ह्याच्या आधी रानडुक्कर फडशा पाडेल, मुंग्या लागतील, कावळे उचलतील. गुराख्यांना विचारा, कोणता प्राणी कुठल्या वाटेनं किती वाजता जातो ते सांगतील. कोंबडीची मुंडकी आणि आतडी आमच्या प्रत्येक बाजारगावात रोज निघतात. त्यातून इथल्या इथे आमिष बनवून, आत लस न घालता, कॅमेऱ्यासमोर ठेवून पाहता येईल. कोल्ह्यानं खाल्लं की डुकरानं, चावलं की गिळलं, किती वेळात संपलं, सगळं एका हंगामात कळेल. गोव्यात पकडता न येणाऱ्या कुत्र्यांसाठी लस नसलेल्या आमिषांचा असा प्रयोग झालेला आहे आणि हात न लावू देणारी कुत्री त्या मार्गानं गाठता येतात, हे त्यातून दिसलं. अशा पहिल्या पायरीला विदेशी लस लागत नाही आणि फार पैसाही लागत नाही. ती या हिवाळ्यात करता येते.

माझ्या नोकरीच्या काळात ज्येष्ठ सहकारी बुळकांडीच्या, म्हणजे ढोरांच्या एका जीवघेण्या साथीच्या, गोष्टी सांगायचे. एका आठवड्यात गोठे रिकामे व्हायचे. तो रोग देशातून कसा गेला, तर माझ्यासारख्या कर्मचाऱ्यांनी थर्मासमध्ये बर्फ आणि लस घेऊन, सायकलवर, बैलगाडीत, पायी, प्रत्येक गावच्या प्रत्येक गोठ्यात जाऊन. २०११ साली तो रोग साऱ्या जगातून संपल्याचं जाहीर झालं. ज्या खात्यानं ते केलं त्या खात्याचा मी माणूस आहे. रेबीज आपल्या आवाक्याबाहेरचा आहे असं मला कोणी सांगू नये.

आमच्या मागण्या अशा आहेत.

पेंच आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडलाच्या आसपास मेलेला किंवा मारला गेलेला प्रत्येक संशयित कोल्हा, लांडगा, रानमांजर, मुंगूस आणि रेबीजची लक्षणं दाखवून मेलेलं प्रत्येक ढोर यांचा मेंदूचा नमुना घेतला जावा. नमुना कोणी घ्यायचा, कोणत्या प्रयोगशाळेत न्यायचा, खर्च कोणत्या खात्याचा, याचा लेखी आदेश निघावा. निकाल त्या गावच्या ग्रामपंचायतीला कळवला जावा.

वन्यप्राण्याच्या चाव्याला दहा दिवस थांबायचं नाही, ही सूचना प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मोठ्या मराठी अक्षरांत लागावी. रामटेक, पारशिवनी, सावनेर, उमरेड, भिवापूर, कुही या तालुक्यांच्या ठिकाणी इम्युनोग्लोब्युलिन कायम उपलब्ध असावं. चावलेल्या ढोरालाही लसीचा पूर्ण कोर्स गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून मोफत मिळावा, आणि गोठ्यात राबणाऱ्या बायांना लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नका हे कोणीतरी घरी येऊन सांगावं.

जंगलालगतच्या सगळ्या गावांतल्या किमान सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी थंडीआधी लस द्यावी. किती कुत्री मोजली आणि किती टोचली, हे गावनिहाय जाहीर करावं.

या हिवाळ्यात पेंचच्या बफरमधल्या, म्हणजे जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, निवडक गावांत लस नसलेल्या आमिषांचा प्रयोग करावा. पशुवैद्यकीय विद्यापीठानं तो आखावा, वनखात्यानं कॅमेरे आणि माणसं द्यावीत, गुराख्यांना आणि स्थानिक पोरांना मजुरी देऊन सोबत घ्यावं. त्याच वेळी लसीच्या परवानगीचे अर्ज दिल्लीला जावेत, म्हणजे प्रयोग संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होणार नाही. आमिषाची लस हा कुत्र्यांच्या लसीकरणाला पर्याय म्हणून कोणी वापरू नये. दोन्ही एकत्र चालली तरच उपयोग आहे.

पोल्ट्रीचा टाकाऊ माल आणि मेलेली ढोरं यांची विल्हेवाट कशी लावायची, ते जिल्हा परिषदेनं ठरवावं आणि ते मोडणाऱ्यावर कारवाई व्हावी.

आणि या सगळ्यासाठी एक अधिकारी नेमावा. तिन्ही खात्यांचं ऐकणारा नको, तिन्ही खात्यांना जाब विचारू शकणारा हवा. त्याचं पद आणि कार्यालयाचा फोन गावोगाव लावावा, म्हणजे पुढच्या वेळी पहाटे कोल्हा चावला तर कोणाला उठवायचं ते आम्हाला माहीत असेल.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी सारं सरकार नागपुरात येतं. आमच्या भागाच्या आमदारांना हे पत्र देऊन हा विषय सभागृहात मांडायची विनंती करणार आहोत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तुमचं उत्तर वाचून दाखवायचं असं गावानं ठरवलं आहे. उत्तर मराठीत द्यावं, आणि यातली कोणती मागणी कोणत्या तारखेपर्यंत होणार, कोणती होणार नाही आणि का, हे त्यात स्पष्ट असावं.

आपला नम्र,
पेंच परिसरातील एक कास्तकार व निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
ता. पारशिवनी, जि. नागपूर